बाबांच्या वाक्याखाली त्यांचे नाव लिहिणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

तुमचे नाव कुठेही येऊ नये असे तुम्ही बजावले आहे, म्हणून हे पत्र नावाशिवाय लिहीत आहे. मागच्या आठवड्यात बाबांचे वर्षश्राद्ध झाले. जेवणे उरकल्यावर माजघरात बसलेल्या नातेवाइकांना आईने वाळवंटातल्या लोखंडी तलावाची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली आणि कोणीही हसले नाही. तुमच्या ओटीवरून निघताना मी घाईघाईने मानलेले आभार किती तोकडे होते, हे मला त्या वेळी जाणवले.

बाबा बोटीवर इंजिनखात्यात तेलवाले होते. 1979 साली त्यांची बोट चिलीच्या उत्तरेकडील इकीके बंदरात लागलेली असताना एका रविवारी ते सोबत्यांबरोबर घाट चढून वर अटाकामाच्या वाळवंटात गेले आणि माणसांवाचून उभे असलेले एक गाव पाहून आले. शाळा, नाटकगृह, चौक, पत्र्याच्या छपरांची घरे असे सगळे जागच्या जागी होते, आणि त्यात बोटीच्या लोखंडाचा बांधलेला पोहण्याचा तलावही होता. जिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही तिथे तलाव, तोही बोटीच्या पत्र्यांचा, हे हर्णैच्या बंदरावर कोणाला पटणार? बाबांची इतकी थट्टा झाली की पुढे त्यांनी तो विषयच सोडला. थट्टा करणाऱ्यांत आम्ही मुलेही होतो, हे मला आज लिहिलेच पाहिजे.

त्यांच्या पत्र्याच्या पेटीत कॅरमच्या सोंगटीएवढी, मधोमध भोक असलेली एक काळी चकती सापडली. तिच्यावरची बाकीची अक्षरे झिजली होती. 'ओफिसिना' हा एक शब्द तेवढा लागत होता. मुंबईत जुनी नाणी विकणाऱ्या एका दुकानदाराने ती काचेवर आपटून पाहिली आणि बटण आहे म्हणून परत सरकवली. एका संग्रहालयाला दोन पत्रे पाठवली, त्यांची पोचही आली नाही. इतिहासाचे जाणकार म्हणून आमच्या भागात ज्यांचा मान आहे अशा एका गृहस्थांनी माझे बोलणे मध्येच तोडून, ओफिसिना म्हणजे ऑफिस, तेव्हा हा कुठल्यातरी कचेरीचा बिल्ला असणार, असा निकाल दिला आणि खलाशांच्या गप्पांमागे लागू नका असा सल्लाही दिला. या लोकांना माहीत नव्हते याचा मला राग नाही. माहीत करून घ्यावे इतकीही त्या चकतीची आणि बाबांची किंमत त्यांना वाटली नाही, याचा राग मात्र अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे आले तेव्हा तलावाची गोष्ट मी जवळजवळ पुटपुटतच सांगितली. तुम्ही हात वर करून मला थांबवलेत, आतून चष्मा आणि वही आणलीत आणि म्हणालात, "बाबांचे शब्द जसे होते तसे सांगा." मी सांगितले. ते वाक्य तुम्ही पेन्सिलीने सावकाश लिहून घेतलेत आणि त्याखाली बाबांचे पूर्ण नाव, 'मुक्काम हर्णै' आणि 1979 हे साल घातलेत, जसे एखाद्या साक्षीदाराचे घालावे. शोध तर नंतर लागला. पण त्या चार ओळी लिहिल्या जात असतानाच माझे काम झाले होते. बाबांच्या हयातीत असे कोणीही केले नव्हते.

आठ दिवसांनी तुम्ही बोलावलेत. कृषी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे चिलीचा सोरा, म्हणजे तिथल्या जमिनीतला नायट्रोजनयुक्त क्षार, तुम्हाला ओळखीचा होता. त्या वाळवंटात ओफिसिना म्हणजे नुसती कचेरी नव्हे. सोऱ्याचा कारखाना आणि त्याला लागून कंपनीने वसवलेले सबंध गाव, या सगळ्याला मिळून तो शब्द आहे, हे तुम्ही सांगितलेत. बाबांनी पाहिलेले गाव हंबरस्टोन, इकीकेपासून सुमारे 48 किलोमीटरवरचे. 1872 साली ते ला पाल्मा या नावाने सुरू झाले तेव्हा तो मुलूख पेरूचा होता. 1879 मध्ये पेटलेल्या युद्धानंतर तो चिलीकडे गेला. कालिचे नावाचा क्षारयुक्त दगड फोडायचा, तो उकळत्या पाण्यात विरघळवायचा आणि पाणी निवले की तळाशी बसलेला सोरा गोळा करायचा, असे ते काम. तो सोरा जगभरच्या शेतांत खत म्हणून गेला आणि स्फोटकांतही गेला.

आणि चकती म्हणजे मजुरी. कंपनी पगार अशा चकत्यांत देई आणि त्या प्रामुख्याने कंपनीच्याच दुकानात चालत. भाव तिचा, मापही तिचेच. 1907 च्या डिसेंबरात हजारो कामगार वाळवंट उतरून इकीकेला आले, तेव्हा त्यांच्या मागण्यांत चकत्या पूर्ण किमतीला वटवून मिळाव्यात ही एक होती आणि दुकानाबाहेर फेरतपासणीसाठी तराजू आणि गज ठेवावा ही दुसरी. उकळत्या हौदांना कठडे बसवा, अशीही एक होती. 21 डिसेंबरला सांता मारिया शाळेत जमलेल्या या माणसांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. हे सांगताना तुम्ही चकती तळहातावर घेऊन बसला होतात आणि बराच वेळ खाली ठेवली नाहीत. एक तराजू मागणाऱ्या माणसाची मजुरी बाबांनी इतकी वर्षे पेटीत जपली होती, हे मला तेव्हा कळले.

जर्मनीत 1913 पासून हवेतल्या नायट्रोजनपासून कारखान्यात अमोनिया बनू लागला, खते आणि स्फोटके सोऱ्याऐवजी त्यापासून होऊ लागली, आणि पुढे 1929 ची मंदी आली. सोऱ्याचे राज्य त्यात बुडाले. नाटकगृह आणि तो तलाव 1930 नंतरच्या, नव्या कंपनीच्या काळातले. 1960 मध्ये काम कायमचे थांबले आणि गाव रिकामे झाले. 2005 साली हंबरस्टोन आणि शेजारचे सांता लाउरा जागतिक वारशाच्या यादीत गेले. दर नोव्हेंबरात जुने रहिवासी आणि त्यांची मुले-नातवंडे तिथे परत जमतात, हे ऐकल्यावर आई पटकन म्हणाली, "म्हणजे आपल्या चाकरमान्यांसारखेच की, गणपतीला येणाऱ्या." आमच्या आळीतली निम्मी घरे वर्षभर कुलपात असतात, तेव्हा तिला ते गाव लगेच समजले.

तलाव खरोखरच बोटीच्या लोखंडाचा असल्याचे तुम्ही मला छापील मजकुरात दाखवलेत आणि मग आपली वही उघडून त्या शेजारी बाबांचे वाक्य ठेवलेत. त्या पानाची नक्कल करून घ्यायची परवानगी तुम्ही दिलीत. ती नक्कल आता बाबांच्या तसबिरीखाली आहे.

पेटीच्या तळाशी, अस्तराखाली, परवा इकीकेचे एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर बाबांच्या नव्हे, दुसऱ्याच हाताने स्पॅनिशमध्ये तीन ओळी लिहिलेल्या आहेत. ते मी अजून कोणालाही दाखवलेले नाही. पावसाने रस्ता अडायच्या आत एकदा हर्णैला या. आई तुमच्यासाठी फणसाची साठे वाळवते आहे.

तुमची कृतज्ञ,
हर्णैच्या तेलवाल्यांची थोरली मुलगी