आई, तुझं दूध बाधलं नव्हतं

ती. आई-बाबांना सा. न.

दिवाळीत तुम्हा दोघांचं रक्त तपासायला नेलं होतं, त्याचा रिपोर्ट आज आला. फोन लावला होता, पण रिंग वाजायच्या आतच ठेवला. लिहिलेलं बरं.

तुम्हा दोघांच्या एकाच जनुकात, एकाच जागी, एकसारखा बिघाड आहे. जनुकाच्या दोन प्रती असतात. तुमची दुसरी प्रत धड आहे, म्हणून तुम्हाला कधी काही झालं नाही. माझ्याकडेही बिघडलेली एकच आलीय. दादाच्या वाट्याला दोन्ही आल्या. बारशाआधीच गेला तो, पण मनात मी त्याला दादाच म्हणते.

आई, १९८२ चा हंगाम. पाचवीच्या दिवशी त्याच्या दुपट्याला काकवीचा वास येतोय, असं तू ज्याला त्याला सांगत होतीस. शेजारी गुऱ्हाळ चालू आहे, तिकडचाच येत असेल, म्हणाले सगळे. दवाखान्यातही तेच. मग त्यानं दूध ओढायचं सोडलं, अंग कमानीसारखं ताठ व्हायला लागलं. नवव्या दिवशी गेला. सटवाईनं एवढंच लिहिलं होतं म्हणून बाकीचे गप्प बसले, आणि आजी म्हणाली, तुझं दूध बाधलं.

वास त्याच्याच अंगाचा होता, आई. ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही प्रथिनांतली तीन आम्लं त्याच्या शरीराला पुढे मोडता येत नव्हती. ती रक्तात साठली आणि मेंदूला भोवली. जॉन मेंकीज यांनी १९५४ साली हा आजार नोंदवला. त्यांना तो वास मेपल नावाच्या झाडाच्या रसापासून केलेल्या पाकासारखा वाटला, म्हणून नाव मेपल सिरप युरिन डिसीज. ल्युसीन सगळ्याच दुधात असतं, गाईच्या दुधात तर आणखी जास्त. दुसरं कुठलंही दूध पाजलं असतंस तरी हेच झालं असतं.

नॉर्वेत एका आईनं, मुलांच्या लघवीला वेगळाच वास येतो म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवले होते. १९३४ साली अस्ब्योर्न फोलिंग यांनी तिचं ऐकलं, आणि फिनाइलकीटोन्यूरिया हा असाच, प्रथिनांतलं एक आम्ल न मोडण्याचा आजार सापडला. शिकाऊ डॉक्टरांना मी हे सांगते तेव्हा तू डोळ्यांपुढे असतेस.

बाबा, सांगलीत दवाखाना टाक म्हणून तुम्ही किती वर्षं मागे लागलात. गेल्या महिन्यात आपल्याच जिल्ह्यातलं आठ दिवसांचं बाळ आमच्या वॉर्डात आलं. मी लंगोट नाकाशी धरला. काकवी! टिपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन प्रयोगशाळेत पाठवला आणि लगेच डायलिसिसची तयारी केली. आता त्याची आई ल्युसीन नसलेली पावडर देते, अंगावरचं दूध मोजून पाजते, प्रत्येक पाजणं वहीत मांडते. ताप आला की बाळाला उपाशी ठेवायचं नाही, तडक निघायचं, हे तिला पाठ आहे.

एक काम तुमच्यावर सोपवते. आत्या नातवासाठी घरातलीच मुलगी बघतेय. तुमचंही लग्न मामाच्या मुलीशीच झालं, म्हणून सांगते. लग्न मोडा असं मी म्हणत नाही, आधी दोघांचं रक्त तपासून घेऊ. दोघांकडेही हाच बिघाड निघाला, तर प्रत्येक खेपेला चारात एक धोका असतो. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल.

पुढच्या रविवारी येतेय. तोवर हे पत्र आईला वाचून दाखवा. दुधाचं जे लिहिलंय, ते दोनदा वाचा.

तुमची,
ताई