अहिल्यादेवींचं नाणं आमच्यापर्यंत का पोचलं नाही? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
नवी दिल्ली

विषय: 300 रुपयांचे स्मारक नाणे, रद्द झालेले बुकिंग आणि इतर

स. न. वि. वि.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. राहतो जामखेड तालुक्यात, म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचं चौंडी ज्या तालुक्यात आहे तिथे. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून आहे. पण गेल्या मंगळवारी मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज आला आणि तेव्हापासून नीट झोप नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

31 मे 2025 ला बाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त भोपाळमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 300 रुपयांचं चांदीचं नाणं निघालं. असं स्मारक नाणं बाजारात फिरत नाही, सरकारी टांकसाळ ते आगाऊ बुकिंग घेऊन डब्यातून विकते. आमच्या आळीत त्या दिवशी पेढे वाटले. बुकिंग सुरू झाल्याचं कळलं तसा मी सकाळी दहालाच नेट कॅफेत जाऊन बसलो. ओटीपी दोनदा आला नाही, तिसऱ्यांदा आला तेव्हा साइट बसली. दुपारी अडीचला एकदाचे पैसे गेले आणि पावती निघाली. ती लॅमिनेट करून घेतली, वीस रुपये त्याचे वेगळे.

त्यानंतर थांबलो. महिने गेले. फोन केला की एक बाई हिंदीत लाइनवर थांबायला सांगायच्या, मग सतारीचं तेच तेच वाजत राहायचं. आणि मंगळवारी तो मेसेज: तांत्रिक कारणास्तव आपली ऑर्डर रद्द, रक्कम परत. साइट कुठली, टांकसाळ कुठली ते लिहीत नाही. पत्र आपल्याला आहे, तिथल्या टेबलाला नाही.

रक्कम परत आली, पैसा न् पैसा आला, खोटं कशाला बोलू. पण मी बुकिंग केलं तेव्हा चांदी किलोला लाखाच्या आसपास होती. रद्द झालं तोवर ती कुठल्या कुठे गेली. आता हे ‘तांत्रिक कारण’ कुठल्या तंत्राचं, हे सराफाच्या दुकानातलं शेंबडं पोरही सांगेल. आमच्या गाडीत कोणी तिकीट काढून बसलं आणि मधल्या थांब्यावर मी त्याला ‘डिझेल महागलं, उतरा, हे घ्या तुमचे पैसे’ म्हटलं असतं, तर माझी चौकशी लागली असती.

त्याच आठवड्यात पुण्याला नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो. एका टेबलावर अहिल्यादेवींचे 18 डबे मिठाईच्या पुड्यांसारखे रचून ठेवलेले. मोजले म्हणून सांगतो. किंमत मी भरलेल्या पैशांच्या पावणेतीनपट. विचारलं, एवढे कुठून आले? टेबलवाला हसला आणि म्हणाला, ‘काका, बुकिंग करायचं असतं.’

मंत्री महोदय, हे वाक्य माझ्या जिव्हारी लागलं आहे.

नाण्यांचा नाद मला नोकरीतच लागला. ड्युटी संपली की आगारात कॅश भरायच्या आधी चामड्याची पिशवी टेबलावर उपडी करायची आणि चिल्लर बोटांनी पसरायची. वेगळं काही दिसलं की खिशातला रुपया पिशवीत टाकून ते नाणं उचलायचं. नेहरूंचा 1964 चा रुपया मला असाच मिळाला, खर्ड्याच्या एका म्हातारीने तिकिटाला दिलेला. बाबासाहेबांचा 1990 चा रुपया, ज्ञानेश्वर माउलींचा 1999 चा रुपया, त्याच वर्षीचं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं, 2007 चं लोकमान्यांचं पाच रुपयांचं: सगळी माणसं माझ्या पिशवीत स्वतःहून चालत आली. शिवरायांचं नाणं आलं त्या दिवशी ड्रायव्हरने गाडी ढाब्यावर लावून ते कपाळाला लावलं होतं. फुकट. दोन रुपयांत.

चांदीचंही असंच होतं. 1969 ला गांधीजींच्या शताब्दीला दहा रुपयांचं नाणं निघालं, 15 ग्रॅमचं, 80 टक्के चांदीचं. वडिलांना ते कचेरीतल्या एका ओळखीच्याने दहा रुपयांनाच दिलं होतं. दहाचं नाणं दहाला! आता नव्या संसद भवनाचं 2023 चं नाणं बघा. दर्शनी किंमत 75 रुपये, वजन 35 ग्रॅम, त्यात चांदी निम्मी, बाकी तांबं, निकेल, जस्त. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. तेव्हाच्या भावाने ती तेराशेच्या आत बसते. विकलं साडेतीन हजारांच्या घरात. वरचे दोन हजार कशाचे? लाकडी डब्याचे? तेवढ्यात आमच्याकडे चांगला पाट मिळतो, त्यावर जेवताही येतं.

बरं, एवढं देऊन त्या नाण्याचं करायचं काय? उद्या तीनशेचं नाणं घेऊन मी पुण्याच्या गाडीत तिकीट मागितलं तर कंडक्टर पोरगा आधी माझ्याकडे आणि मग ड्रायव्हरकडे बघेल. वितळवावं, तर 2011 च्या नाणे कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद. खर्च होत नाही, मोडता येत नाही, आणि मिळत तर नाहीच.

माझा भाचा टोरोंटोला असतो. त्याने मला तिथल्या टांकसाळीचं एक चांदीचं नाणं पाठवलं. सोबतच्या कार्डावर जास्तीत जास्त किती पाडणार तो आकडा छापलेला. अमेरिकेतही मर्यादित नाणं निघालं की एका घराला इतकीच, अशी अट घालतात. माझ्याकडे आपल्या सरकारचे सात डबे आहेत. सातही उलटेपालटे करून पाहिले, एकावरही आकडा नाही. मर्यादित म्हणजे किती, हे कोणाला ठाऊक? त्या 18 डबेवाल्याला ठाऊक असावं.

तेव्हा मागणं एवढंच: आकडा विक्रीआधी जाहीर करा, आधार कार्डावर एकालाच एक द्या, आणि घेतलेलं बुकिंग भाव वाढला म्हणून मोडू नका. चौथं मागणं खरं तर पहिलं आहे. या थोर माणसांची साधी, चालणारी नाणी पुन्हा काढा. दोनची, पाचची, काय असतील ती.

पण चालणाऱ्या नाण्यांचं तरी कौतुक कोणाला आहे? दहाचं नाणं आमच्या बाजारात अजून कोणी घेत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं की दहाच्या नाण्याचे 14 नमुने निघालेत आणि चौदाही चालतात. भाजीवालीने ते पत्रक वाचलेलं नाही. पॅसेंजर मला दहाची नाणी द्यायचे, मी पुढच्याला द्यायला गेलो की तो भांडायचा. शेवटची चार वर्षं मी रिझर्व्ह बँकेच्या वतीने शिव्या खाल्ल्या. त्याचा भत्ता नव्हता. पेन्शनचं तर बोलूच नका. ईपीएस-95 ची, म्हणजे आमच्यासारख्या पीएफवाल्यांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन 2014 पासून हजार रुपये आहे आणि तुमच्या एका स्मारक नाण्याची किंमत त्याच्या काही पट. माझी हजाराहून थोडी जास्त आहे, एवढंच. आमच्या मंडळी म्हणतात, ‘या पेन्शनीत चांदीची नाणी कसली घेता?’ मी सांगतो, शौक आहे. मग त्या बोलत नाहीत, भांडी वाजतात.

माझ्याकडे बाईंच्या राजधानीतल्या, महेश्वरच्या टांकसाळीचा एक रुपया आहे, बाईंच्या काळातला. सराफाच्या मोडीच्या डब्यातून वजनावर घेतला, वितळायच्या आदल्या दिवशी. अकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. कडेला जुन्या सराफांच्या छिन्नीचे दोन घाव आहेत. एका बाजूला फारसीत शाह आलम बादशहाचं नाव, दुसऱ्या बाजूला पिंडी आणि बेलाचं पान. 1767 पासून 1795 पर्यंत बाईंनी कारभार केला, पण नाण्यावर स्वतःचं नाव घातलं नाही. तो रुपया किती हातांतून फिरलाय ते बोट फिरवलं की कळतं, बेलाच्या पानाच्या शिरा गुळगुळीत झाल्यात. तुम्ही बाईंचं नाव घातलंत, चेहरा घातलात, आणि वर काच बसवलीत.

रद्द झालेल्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ प्रत देणार नाही.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. जामखेड, जि. अहिल्यानगर

ता. क.: नाण्यासोबत बाईंचं टपाल तिकीटही निघालं होतं. ते मला पोस्टातल्या बाईंनी ड्रॉवरमधून काढून दिलं, ओटीपी न मागता. या पाकिटावर तेच लावणार होतो, पण एकच आहे. म्हणून साधं लावलंय.