मँचेस्टरहून अमोलला, आणि घरी सगळ्यांना

प्रिय अमोल, मम्मी-पप्पा आणि आजी,
प्रभूच्या नावात सलाम.

पत्र सगळ्यांना आहे पण जास्त करून अमोलला, कारण परवा फोनवर तो जे बोलला ते डोक्यातून जातच नाहीये. कॉलेजमधला मित्र म्हणाला, तुम्ही ख्रिस्ती लोक तांदळासाठी बाटलेले ना, आणि तू गप्प बसलास. भांडला नाहीस ते चांगलंच केलंस. पण लाज वाटली म्हणालास, तेवढी मला काढून टाकायचीय बघ.

आजीला विचार, तिचं माहेर नगरकडचं. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्या महारवाड्या-मांगवाड्यातले खूप जण मिशनकडे आले, आणि हो, त्यातले काही भाकरीसाठीपण आले असतील. मग? ज्यांना गावच्या विहिरीला हात लावता येत नव्हता त्यांना कोणीतरी खायला दिलं, जवळ बसवून अक्षर शिकवलं, यात आपण मान खाली घालावी असं काय आहे? येशूने पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा आधी माझ्यावर विश्वास ठेवा मग भाकरी मिळेल असं म्हटलं नव्हतं. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आल्यावर जात लगेच गेली असं मात्र मी म्हणणार नाही, आपल्यात लग्न जमवताना अजून डोकं वर काढते ती, आणि ते आपल्यालाच बदलायचंय.

आणि मित्राला हेपण सांग की सगळेच उपाशी नव्हते. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला आपल्या मुंबईतच झाला, त्यांना काय मिळालं तर नातलग तुटले आणि बायको लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. पंडिता रमाबाई तर संस्कृत शास्त्रं कोळून प्यायलेल्या, त्यांना कोण तांदूळ दाखवून नेणार होतं, उलट त्यांनीच पुढे दुष्काळातल्या मुली आणून पुण्याकडच्या केडगावला सांभाळल्या.

तुझा दुसरा प्रश्न, की शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची पुस्तकं, खूप नंतर कोणीतरी रचली असं सगळे म्हणतात. इथे डीन्सगेटला जॉन रायलँड्स लायब्ररी आहे, माझ्या बसच्या रस्त्यावरच, तिथे योहानाच्या शुभवर्तमानाचा पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, एक तुकडा आहे, तळहातापेक्षा लहान, इजिप्तमधून आलेला, १९३५ ला पहिल्यांदा छापून प्रसिद्ध केला. बहुतेक अभ्यासक तो दुसऱ्या शतकातला धरतात. दोन्ही बाजूंनी लिहिलेला आहे म्हणजे गुंडाळी नाही, पुस्तकाचं पान आहे, आणि मजकूर अठराव्या अध्यायातला, रोमी सुभेदार पिलात येशूची चौकशी करतो तो. मी बराच वेळ काचेसमोर उभी होते. यावरून पुनरुत्थान सिद्ध होतं असं नाही, असं कोणाला सांगूपण नको, पण शेकडो वर्षांनी रचलं हे म्हणणं काही टिकत नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते तर वधस्तंभानंतर साधारण पंचवीस वर्षांतच, आणि त्यात तो सरळ म्हणतो की उठलेल्या प्रभूला बघितलेले बरेच जण अजून जिवंत आहेत. म्हणजे जाऊन विचारा असंच झालं ना ते.

इथे मला कोणी टोमणे मारत नाही, इथे लोकांना घेणंदेणंच नसतं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले, ४६ टक्के. आपण महाराष्ट्रात शंभरात एकपण नाही, तरी भायखळ्याला उपासनेत बसायला जागा मिळत नाही, आणि इथे एवढं मोठं चर्च अन् पुढच्या दोन बाकांवर म्हातारी माणसं.

हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात आपणहून पेशंटला धर्माचं सांगत बसायचं नाही, नियम आहे आणि मला तो पटतो, आजारी माणूस उठून जाऊ शकत नाही ना. मग माझा विश्वास दिसणार कुठे, तर कामातच. मागे नाईटला एक सिनियर म्हणाली, सगळे झोपलेत, बीपी न घेताच मागचे आकडे उतरव. मी नाही म्हटलं, एकेकाला उठवून घेतलं, सकाळपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. नंतर तिने काही विचारलं वगैरे नाही, चालतं, मी तिच्यासाठी प्रार्थना करते.

बायबलमधलं पहिलं पेत्र ३:१५ काढ. आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा म्हटलंय, पण सौम्यतेने आणि आदराने. आपली तरुण संघातली पोरं पहिलं अर्धं पाठ करतात आणि व्हॉट्सॲपवर दुसऱ्यांच्या देवांची टिंगल फॉरवर्ड करतात, तू त्यात पडू नकोस, मला खरंच राग येतो त्याचा. त्याच मित्राच्या घरी तू गणपतीला जेवतोस, त्याच्या आईला मावशी म्हणतोस. त्याला नाताळात घरी बोलव, वाद जिंकायला नाही, जेवायला. आणि त्याने खरंच विचारलं तर मार्कचं शुभवर्तमान वाचायला दे, सोळाच अध्याय आहेत, सोबत बसून वाच. जिथे अडशील तिथे माहीत नाही म्हण आणि पाळकसाहेबांना नाहीतर मला विचार.

पप्पांचा शुगरचा रिपोर्ट अजून आला नाही, फोटो पाठव. मम्मीला सांग पैसे सोमवारी टाकते.

तुझी,
ताई