शार्क मारून किनारे सुरक्षित होत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या विदेश पानावर टायगर शार्कने केलेल्या हल्ल्याची बातमी ‘समुद्रातला नरभक्षक’ या मथळ्याखाली आली. या शार्कची संख्या कमी केल्याशिवाय किनारे सुरक्षित होणार नाहीत, असे वाक्य तिच्या शेवटी होते. मराठवाड्याला समुद्र नाही. परभणी-हिंगोलीच्या मुलांना शार्क भेटतो तो वर्तमानपत्रात आणि टीव्हीवरच, आणि तेथे जे छापून येते ते पडताळून पाहण्याची सोय त्यांच्याजवळ नसते. अनेक वर्षे प्राणिशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून या वाक्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

टायगर शार्क उष्ण कटिबंधातल्या बहुतेक समुद्रांत, आपल्या अरबी समुद्रातही, आढळतो. पूर्ण वाढ झालेला मासा साधारण तीन ते चार मीटर लांब असतो, काही माद्या पाच मीटरच्याही पुढे जातात. पिल्लांच्या अंगावरचे गडद पट्टे वयाबरोबर पुसट होतात. त्याचा दात मुद्दाम पाहण्यासारखा आहे. टोक एका बाजूला कललेले, मागच्या कडेला खोल खाच, कडांवर बारीक दाते आणि त्या दात्यांवर आणखी बारीक दाते. चावा घेऊन डोके डावी-उजवीकडे झटकले की या दातांनी समुद्री कासवाची पाठही कापली जाते. कासव, समुद्री साप, डुगाँग (समुद्रातले गवत खाणारा सस्तन प्राणी), पक्षी, मासे, मेलेले देवमासे, असे सगळे तो खातो, आणि पोटात मोटारीच्या नंबरप्लेटा व टायरचे तुकडे सापडल्यामुळे त्याला ‘समुद्राची कचरापेटी’ म्हटले जाते. हे विशेषण मला अपुरे वाटते, कारण हाच मासा हवाई बेटांच्या साखळीतल्या फ्रेंच फ्रिगेट शोल्स येथे दर उन्हाळ्यात नेमका अशा वेळी येतो, जेव्हा अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची पिल्ले पहिल्यांदा उडायला शिकतात आणि पाण्यावर पडतात. अन्न कोठे आणि केव्हा मिळेल, हे त्याला चांगले कळते.

एप्रिल १९३५ मध्ये सिडनीजवळच्या कूजी येथील मत्स्यालयात, नुकत्याच पकडून आणलेल्या एका टायगर शार्कने लोकांसमोर माणसाचा हात ओकला होता. तपासात तो हात शार्कच्या दातांनी नव्हे, सुरीने तोडलेला निघाला. प्रकरण खुनाचे होते. हातावरच्या गोंदणामुळे मृताची ओळख पटली, पण खुनासाठी शिक्षा कोणालाच झाली नाही. पोटात माणसाचा अवयव सापडला म्हणजे माणूस शार्कनेच मारला, असे धरून चालता येत नाही.

याचा अर्थ हा मासा निरुपद्रवी आहे असा नाही. डिवचल्याशिवाय माणसावर झालेल्या हल्ल्यांच्या नोंदींत पांढऱ्या शार्कच्या खालोखाल त्याचेच नाव येते, आणि ज्यांचा माणूस गेला त्यांच्या दुःखापुढे आकडेवारी मांडू नये, हे मला कळते. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याने २०२० मध्ये बिबट्याची दहशत सोसली आहे, त्यामुळे ही भीती आपल्याला परकी नाही. परंतु माणसांवर हल्ले करणाऱ्या एखाद्या ठरावीक जनावराचा माग काढणे वेगळे आणि दिसेल तो शार्क मारत सुटणे वेगळे. दुसरा प्रयोग हवाईत होऊन गेला आहे. १९५९ ते १९७६ या काळात तेथे सरकारी मोहिमांत ४,६६८ शार्क मारण्यात आले, त्यांत टायगर शार्क ५५४ होते. नंतरच्या अभ्यासात हल्ल्यांचे प्रमाण त्यामुळे घटल्याचे दिसून आले नाही.

याची कारणे माशाच्या स्वभावातच आहेत. टायगर शार्क एका किनाऱ्याला बांधलेला नसतो. अटलांटिकमध्ये उपकरण लावून सोडलेले काही नर हिवाळा कॅरिबियन बेटांजवळ आणि उन्हाळा उत्तरेच्या खुल्या समुद्रात काढून वर्षाला सुमारे ७,५०० किलोमीटरचा फेरा करत होते. आज एका किनाऱ्यावर जाळी लावून जे पकडले, त्यांच्या जागी उद्या दुसरीकडचे येऊ शकतात. मात्र एकूण संख्येला बसलेला घाव लवकर भरत नाही. मादी पंधरा-सोळा महिने गर्भ वाढवते. अंडी पोटातच फुटतात, पिल्ले तेथल्या पोषक द्रवावर वाढतात आणि पाऊण मीटरच्या आत-बाहेर लांबीची होऊन जन्मतात. एका वेतात तीस-चाळीस पिल्ले असली, तरी हवाईतल्या माद्यांचे वेत तीन वर्षांतून एकदाच होते.

टायगर शार्क कमी झाला तर काय बिघडते, याचे उत्तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे या उपसागरात मिळते. तेथे पाण्याखाली गवताची अफाट कुरणे आहेत आणि त्यांवर डुगाँग व हिरवी कासवे चरतात. शार्कचा वावर वाढला की धडधाकट कासवे कुरणाच्या कडेला सरकतात, कारण तेथून खोल पाण्यात पळता येते. मधल्या सकस पण धोक्याच्या भागात रोडावलेली कासवेच उरतात. गायरानात गुरे एकाच जागी राहिली तर गवत मुळासकट जाते, हे आपल्याकडे कोणालाही सांगावे लागत नाही. शार्कच्या नुसत्या धास्तीने तेथले चरणे विखुरले जाते आणि गवताला पुन्हा वाढायला वाव मिळतो.

आपल्या देशाने २०१३ मध्ये शार्कचे पर कापून धड समुद्रात टाकण्यास बंदी केली आणि २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवरही बंदी घातली. या निर्णयांची दखल मराठी वृत्तपत्रांनी हल्ल्यांच्या बातम्यांइतक्याच ठळकपणे घेतल्याचे मला आठवत नाही. माझी विनंती एवढीच आहे की, अशी बातमी छापताना शार्कची जात निश्चित झाली आहे की नाही, पाणी गढूळ होते का, जवळपास मासेमारी सुरू होती का, हे शक्य तेथे द्यावे आणि ‘नरभक्षक’ हा शब्द मथळ्यातून वगळावा. आपल्या शालेय पुरवणीत शार्क बेच्या कुरणांवर एखादा सचित्र लेख आला, तर येथील शिक्षक तो वर्गात नक्की वाचून दाखवतील.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, परभणी