लेकीला कंपनीत पाठवण्याआधी

वडसा (देसाईगंज)
कोजागरीनंतरचा सोमवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेक यंदा नाटकाच्या कंपनीत जायचं म्हणते, वहिनी नाही म्हणतात आणि तू मधात अडकलास. तू तीन गोष्टी विचारल्यास: पैसे किती मिळतील, पोरगी सुरक्षित राहील का, आणि पुढे काय. तिन्ही सांगतो, पण आधी झोपेचं सांगतो. ते तू विचारलं नाहीस, आणि आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, बरेच नवे कलाकार घरी परततात ते अभिनय कमी पडतो म्हणून नाही, झोप पुरत नाही म्हणून.

सीझन तुला माहीतच आहे. भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावचा मेळा, लागते, मंडईसोबत नाटक, मग शंकरपट (बैलांच्या शर्यती), जत्रा, असं करत करत होळीपर्यंत. धान घरात आलं, विकलं, लोकांच्या हातात पैसा आला की नाटकं उभी राहतात. म्हणून ज्या साली धानावर तुडतुड्याची कीड पडते त्या साली आधी आपल्या तिकिटाला कात्री लागते.

आता एक नाईट, म्हणजे एका रात्रीचा प्रयोग, कशी जाते ते बघ. दुपारी ३ वाजता कंपनीच्या ऑफिसपुढे गाडीत बसायचं. गाव जवळ असलं तर ५ वाजता पोचायचं, दूर सिरोंच्याच्या बाजूला असलं तर सकाळीच निघावं लागतं. जेवण नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाकडून, कोणाच्या तरी घरी: भात, वरण, वांग्याची नाहीतर पोपटाच्या शेंगांची भाजी. ८ वाजता मेकअप. बोर्डावर वेळ रात्री १० ची, पण उद्घाटनाला पुढारी येतात, भाषणं होतात, सत्कार होतात, आणि पडदा उघडेपर्यंत ११ वाजून जातात. पहाटे ४-५ ला नाटक संपतं. मेकअप उतरवणं, कपडे मोजून पेटीत भरणं, गाडीत डुलक्या घेत ७-८ ला परत. झोप लागते ९ ला आणि दुपारी १ ला जेवायला उठावंच लागतं. म्हणजे ४ तास, तेही उजेडात. एका दिवसाचं काही नाही. पण मंडईच्या दिवसांत ओळीनं १५-२० नाईट लागतात तेव्हा पाचव्या-सहाव्या रात्रीपासून आवाज बसायला लागतो, वाक्यं निसटायला लागतात, चिडचिड होते.

नाटक रात्रभर का चालवतात, लवकर का संपवत नाहीत, असं तिच्या शहरातल्या मैत्रिणी विचारतील. आपल्याकडे आजूबाजूच्या गावांतले लोक पायी, सायकलीनं, ट्रॅक्टरनं येतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरीच्या भागात वाघ आहे. रात्री २ ला पडदा पाडला तर बायापोरांनी जंगलातून जायचं कसं? उजाडेपर्यंत मंडपात थांबणं हेच शहाणपणाचं, म्हणून नाटकही उजाडेपर्यंत ताणलेलं असतं. लेखक तीन तासांत मावणाऱ्या गोष्टीत गाणी, लावणी आणि विनोदाचे प्रवेश घालतो ते उगाच नाही.

जागायचं म्हणून पोरं खर्रा खातात. हे मी मुद्दाम वेगळं लिहितो आहे. मेकअपच्या पेटीशेजारी प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा पडलेला असतो, सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला, आणि तो हातोहात फिरतो. दोन-तीन सीझनमध्ये गालाची आतली कातडी पांढरी पडते, ताठ होते, तिखट लागलं की झोंबते. मग तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांच्या मधात जात नसतील तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. ज्याचा जबडा उघडत नाही त्याचा ‘आ’ उघडत नाही, आणि त्याचं गाणंही संपलं. ही कातडी पूर्ववत होत नाही आणि पुढे कॅन्सरची भीती असते. लेकीला सांग, झोप आली तर विंगेत उभी रहा, तोंडावर पाणी मार, काळा चहा घे, पण कोणी प्रेमानं दिली तरी पन्नीला हात लावू नको.

गळ्याचं बोलतो. स्टेजवर वरून माइक टांगलेले असतात, बहुधा तीन ते पाच. अंगावर माइक नसतो. त्यामुळे वाक्य माइकखाली येऊन, हनुवटी उचलून बोलावं लागतं. माइकपासून दोन पावलं मागे गेलं की आवाज पडतो आणि नवीन पोरगी घाबरून ओरडायला लागते. ओरडून आवाज पोचत नाही, नुसता फाटतो. संध्याकाळी आवाजवाले माइक लावतात तेव्हा तिनं स्टेजवर उभं राहून कुठला माइक जिवंत आहे आणि कुठला मेला आहे ते बघून ठेवावं. पुढच्या माइकची रेघ कोणत्या फळीवर येते तिथे खडूनं खूण करावी.

ती गाते, म्हणून पट्टीचं आधीच ठरवा. बाप्ये साधारण काळी एक-दोनमध्ये (पेटीच्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीत) गातात, बायांचा गळा काळी चार-पाचकडे मोकळा होतो. युगलगीत मात्र नायकाच्या पट्टीत बसवलेलं असतं, कारण तो जुना आणि ती नवी. मग तिला एकतर खाली गुरगुरावं लागतं नाहीतर वरच्या सप्तकात किंचाळावं लागतं. तालमीतच ऑर्गनवाल्याला सांगून मधली पट्टी काढून घ्यावी. ऐन प्रयोगात कोणी ऐकत नाही. दवाचंही ध्यानात ठेवा. मार्गशीर्ष-पौषात मध्यरात्रीनंतर मंडपाच्या कापडावरून पाणी टपकतं, तबल्याची शाई-पुडी (वरचं कातडं) ओल धरते आणि सूर उतरतो. तबलजी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) हातोडी मारून चढवतो. कोणी तबला शेकोटीजवळ नेला तर पुडी ताणून सूर भलताच चढतो. दुसऱ्या अंकातलं गाणं पहिल्या अंकासारखं बसलं नाही तर चूक दर वेळी गळ्याचीच नसते, हे तिला ठाऊक असावं.

गळा बसला तर काय करायचं? गप्प बसायचं. कुजबुज करायची नाही, कुजबुजीनं गळ्यावर जास्त ताण येतो. सारखं खाकरायचंही नाही. कोमट पाणी थोडं थोडं, दिवसभर. झोपण्याआधी पातेल्यातल्या गरम पाण्याची नुसती वाफ दहा मिनिटं. बाम घालू नये, तो कोरडं पाडतो. लवंग-खडीसाखर तोंडात बरी वाटते, पण तिनं सूज जात नाही. आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवा.

तालीम थोडी असते. एका सीझनला दोन-तीन नाटकं बसवतात आणि ऐनवेळी कोणी आजारी पडलं की दुसऱ्याच्या भूमिकेत उभं करतात. म्हणून प्रॉम्प्टर हा फार मोठा माणूस आहे. तो आडोशाला बसून वही वाचतो आणि कलाकार त्याच्या तोंडचं उचलतो. जुने कलाकार हे इतकं सफाईनं करतात की पुढच्या ओळीतल्यालाही कळत नाही. नव्यानं त्यावर टेकून राहू नये. जनरेटर बंद पडला, शिट्ट्या सुरू झाल्या, की प्रॉम्प्टरचा शब्द ऐकू येत नाही. आपलं वाक्य तर पाठ हवंच, पण समोरच्याचं शेवटचं वाक्यही पाठ हवं.

पैशाकडे वळतो. ठरावीक पगार नाही, नाईटवर पैसे. समजा नव्या पोरीची नाईट १५०० रुपये ठरली आणि सीझनमध्ये ७५ नाईट लागल्या, तर झाले १,१२,५००. आकडा मोठा वाटतो. यातून तिच्या साड्या आणि नकली दागिने, मेकअपचं सामान, घरून वडशाला येणंजाणं, सीझनभराची खोली, औषधपाणी यांचे २७,५०० धर. उरले ८५,०००. वर्षाच्या १२ महिन्यांवर पसरले तर महिन्याला ७,००० च्या थोडं वर. पावसाळ्यात काहीच नाही, म्हणून धानाच्या रोवणीला हात लावणारे नट तू पाहिलेच असशील. दर मी समजुतीसाठी धरला आहे, खरा दर कंपनी आणि भूमिका बघून ठरतो. पण भागाकार हाच करायचा.

उचल घेताना जप. दिवाळीआधी कंपनी उचल देते, घरात सण असतो, हात पुढे होतो. ती उचल प्रत्येक नाईटमधून कापतात आणि फिटेपर्यंत दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही. चार गोष्टी कागदावर घ्या आणि दोघांच्या सह्या करा: नाईटचा दर, उचल किती आणि दर नाईटला किती कापणार, पावसानं किंवा परवानगी नसल्यानं प्रयोग रद्द झाला तर किती मिळणार, आणि पैसे त्याच पहाटे की आठवड्यानं. तिसऱ्यावर सगळे भांडण करतात. गाडी गावात पोचली, मेकअप झाला आणि गारपीट आली, तर मंडळ म्हणतं तिकीट फाटलं नाही, कंपनी म्हणते मंडळानं दिलं नाही, आणि कलाकार मोकळ्या हातानं परततो. रात्री १० नंतर लाउडस्पीकरवर कायद्यानं बंदी आहे, सूट वर्षाला मोजक्याच दिवसांची आणि तीही १२ वाजेपर्यंतची. आपली नाटकं पहाटेपर्यंत. त्यामुळे तक्रार झाली तर प्रयोग थांबू शकतो, हा धोका कागदात धरलेला असावा.

वहिनींची भीती खोटी नाही. स्टेजमागे ताडपत्रीचा आडोसा असतो, त्यात बाया कपडे बदलतात. तो पूर्ण बंद आहे का, आत दिवा आहे का, आणि त्या दिव्यानं सावली बाहेर तर पडत नाही ना, हे बघावं लागतं. दिवा मागे आणि बाई पुढे असली की ताडपत्रीवर सगळं दिसतं. दिवा आडोशाच्या कोपऱ्यात वर बांधून खाली वळवला की सावली पडत नाही. दुसरं संडासाचं. शेतातल्या मंडपाजवळ संडास नसतो, म्हणून बाया दुपारपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला जळजळ, ताप, आणि वर कोरडा गळा. ज्या घरी जेवण असेल त्या घरचा संडास रात्रभर उघडा ठेवायला कंपनीनं मंडळाला आधीच सांगावं. पाळीचं सामान आणि एक गडद साडी पेटीत कायम असावी.

लावणी करणार की नाही हे पहिल्याच दिवशी सांगा. लावणीला टाळ्या आणि बक्षीस जास्त, पण लोक स्टेजच्या कडेपर्यंत येतात. काही मुली ते मानानं आणि ताकदीनं करतात, त्यांचं कौतुकच आहे. ‘नायिकेचं काम’ म्हणून नेऊन तिसऱ्या नाईटला नाचायला उभं करणं मात्र चूक आहे. कोणी त्रास दिला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नाटक कंपनीलाही लागतो. १० किंवा जास्त माणसं असतील तर तक्रार समिती कंपनीतच हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. कंपनीत दुसऱ्या किती बाया आहेत आणि त्या किती सीझनपासून टिकून आहेत, हे एकदा विचार. त्यावरून तुला बरंच कळेल.

मेकअपचं सामान स्वतःचं. स्पंज आणि काजळ एकमेकांचं वापरलं की एकाचे डोळे आले की आठवड्यात सगळ्यांचे येतात. आधी खोबरेल तेलाचा पातळ हात, मग रंग. उतरवताना पुन्हा तेलानंच सोडवायचं, कापसानं पुसायचं, शेवटी साबण. पहाटेच्या थंडीत गार पाण्यानं रंग खरवडला की चेहरा फुटतो.

वीजेचं थोडक्यात. १५ केव्हीएच्या जनरेटरमधून साधारण १२ किलोवॅट मिळतं. हजार वॅटचे आठ दिवे आणि वर साउंड लावला की तो जवळपास भरला. त्याहून वाईट म्हणजे ढिला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार. तीन फेजमधला न्यूट्रल सुटला की एका बाजूचे दिवे भगभगतात, दुसऱ्या बाजूचे मंदावतात, आणि २३० च्या जागी ४०० कडे गेलेला व्होल्टेज अॅम्प्लिफायर जाळतो. असं दिसलं की तिनं लोखंडी खांबाला, माइकच्या दांडीला हात लावू नये आणि जनरेटरवाल्याला हाक मारावी. फळ्या दवानं ओल्या असतात, अनवाणी नाचणाऱ्याला आधी झटका बसतो. खिळ्यांसाठी पोचल्यावर उजेडातच चप्पल घालून स्टेज फिरून घ्यावं.

पुढे काय, हे तुझं शेवटचं. २०२३ मध्ये आपल्या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीला भरून आलं. पोरीच्या मनात ते असणारच आणि असावं. पण साध्या कलाकारासाठी शासनाचं मानधन आहे, दरमहा ५,००० रुपये, वय ५० झालं आणि कलेत निदान १५ वर्षं काढली तर. पुरावा मागतात तेव्हा बहुतेकांकडे काहीच नसतं. म्हणून पहिल्या नाईटपासून तिचं नाव छापलेलं प्रत्येक हँडबिल, पोस्टर आणि पेपरातलं कात्रण तारीख लिहून एका फाईलीत लाव. घरात उंदीर असतील तर पत्र्याच्या पेटीत. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर तेही काढून ठेव.

मला विचारशील तर पाठव, पण एका सीझनसाठी आणि कागद करून. पहिल्या प्रयोगाला तू ये. रात्री पुढे बसून नाटक बघ, आणि पहाटे ५ ला मागे येऊन तिच्या हातात गरम पाण्याचा गडवा दे. ती काय म्हणते ते ऐक आणि मग वहिनींशी बोल. येताना कंपनीचा कागद सोबत आण, सही करण्याआधी मी वाचून देतो.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
वडशाचा मित्र