रविवारी मिस्सानंतर फोन चार्ज करून या
सगळ्यांना रिमाइंडर, रविवारी चर्चमधली प्रार्थना, म्हणजे मिस्सा, झाला की आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करायचं ठरलंय, विसरू नका. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी जवळच्या आपल्या कोर्लई गावात नो लिंग, पोर्तुगीजमधून तयार झालेली आपली भाषा, घराघरात टिकली. आणि आता माझी आई नातीशी नो लिंगमध्ये बोलते, नात मराठीत उत्तर देते, समजतं तिला सगळं पण तोंडातून येतच नाही, फार वाईट वाटतं हो. मासळी, जाळी, जुनी भांडणं, जे बोलतील ते घ्या, मधे मराठी आली तर येऊ दे. निदान जेवताना तरी पोरांशी आपल्या भाषेत बोला. आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा, मागच्या वेळी नुसती घरघर आली.