चकमकीनंतरची गोष्ट

पोलिसी थरारपटांच्या कथानकावरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. निलंबित निरीक्षक, विकला गेलेला मंत्री आणि शेवटी गोदामातली चकमक हा साचा नेमका मांडला आहे. पण प्रेक्षकांना तोच हवा असतो, हे पटले नाही. गोळी सुटते, शिट्ट्या वाजतात, दिवे लागतात. खरे नाट्य तर तिथून सुरू होते! मुंबईतील चकमकींच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास बंधनकारक केला. तो तपास पटकथेत का येत नाही? १९८३च्या ‘अर्धसत्य’मध्ये कोठडीतल्या मारहाणीत एक चोर मरतो आणि फौजदार वेलणकरचे आयुष्य ढासळत जाते. शेवटी तो स्वतःच पोलिसांसमोर हजर होतो. तो चित्रपट लोकांनी उचलून धरला होता.

– एक वाचक, दादर, मुंबई